सर्दीचे पंधरा सेकंद

नागुमोचा पहिला फोन आला तेव्हा मी भाताचं भांडं घासत होते. भरदुपारी येणारे फोन मला पाठ आहेत. पाण्याचा फिल्टर, थडग्याची जागा, नाहीतर म्हातारपणाचा विमा. ओल्या हाताने फोन उचलला आणि आधीच सांगून टाकलं, "आम्हाला काही नकोय."

"विकायला नाही मॅडम, विचारायला फोन केलाय," पलीकडून एक तरुण, नको इतका नम्र आवाज आला. "मी नागुमो. जाहिरात कंपनीतून. रेल्वेची ती जुनी हिवाळ्याची जाहिरात आठवते का? गाडीच्या खिडकीवर वाफ धरते, ती मुलगी बोटाने पुसते आणि बाहेर बर्फ दिसतो... त्यातलं गाणं तुम्हीच गायलंय ना?"

मी नळ बंद केला. त्या गोष्टीला तीस वर्षांच्या वर होऊन गेली. एवढ्या काळात हा प्रश्न कोणी विचारल्याचं मला आठवत नव्हतं.

"हागिनो शिओरि गायल्यात," मी म्हटलं. जिभेला सवयच तशी लागली होती. "खाली नाव येतं की त्यांचं. वाचलं नाहीत का?"

"वाचलंय मॅडम. म्हणून तर फोन केला."

मी इसोबे चिझुरु. जन्मभर कच्ची गाणी गायले. कच्चं गाणं म्हणजे काय ते सांगते, कारण आमच्या धंद्याबाहेर ते कोणाला ठाऊक नसतं. जाहिरातीसाठी चाल तयार होते, पण मोठ्या गायिकेला वेळ नसतो. साहेबलोकांना तर गाणं ऐकवायचं असतं. मग माझ्यासारख्या कोणाला तरी बोलावून ते गाऊन घेतात. साहेब माना डोलावतात, मोठी गायिका माझी टेप ऐकून चाल शिकते, ती गाते, आणि माझं पुसून टाकतात. घर बांधताना परांची बांधतात ना, तसं. भिंत उभी राहिली की परांची सोडायची. साबण, टूथपेस्ट, दोन बँका, करीच्या वड्या, सगळ्यांसाठी गायले. नाव कुठेच नाही. मला त्याचं काही वाटत नाही असं मी बरीच वर्षं सांगत आले. लोकांना ते पटायचं, अधूनमधून मलाही.

त्या हिवाळ्यात मला सडकून सर्दी झाली होती. नाक चोंदलेलं, डोळ्यांतून पाणी, 'म' म्हणायला जावं तर 'ब' बाहेर पडायचा. चाल बांधणारे बंदोसाहेब म्हणाले, "अगं, कच्चंच तर आहे. कोण कान देऊन ऐकतंय? ये आणि उरकून टाक." गेले. दोन ओळी होत्या. 'तुझ्या गावी बर्फ पडतो का अजून? पडत असेल तर मी येते.' एवढंच. पंधरा सेकंदांच्या जाहिरातीत आणखी किती मावणार? एकदा गायले, घरी येऊन पांघरुणात शिरले.

मग रेल्वेच्या मोठ्या बैठकीत चित्रावर माझी टेप लावून दाखवली. तिथे एक सर्वांत मोठे साहेब होते. ते प्रत्येक बैठकीत झोपायचे आणि झोपू देण्यातच सगळ्यांचं भलं होतं. त्या दिवशी त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "हं." झालं. 'हं' आला म्हटल्यावर खालपासून वरपर्यंत सगळ्यांचे मंजुरीचे शिक्के पडले. पुढच्या आठवड्यात हागिनो शिओरि आली आणि गायली. स्वच्छ, गोड, कुठे बोट ठेवायला जागा नाही. ते ऐकून रेल्वेच्या उपप्रमुखाचा चेहरा पांढरा पडला. म्हणाला, "पण शिक्के पडलेत ते हे गाणं नाही!"

आता वरच्यांकडे परत जाऊन, साहेब, तुम्ही 'हं' कशाला म्हणालात, असं कोण विचारणार? कोणाची छाती होती? शिक्का पडला होता माझ्या आवाजावर, म्हणून माझा आवाज गेला. आणि गायिकेच्या नावाच्या जागी शिक्का पडला होता हागिनो शिओरिवर, म्हणून नाव तिचं गेलं. कोणी खोटं बोललं नाही. ज्याने त्याने आपापला शिक्का सांभाळला, बस.

बंदोसाहेबांनी मला नूडल्स खायला नेलं. वाडग्यात तोंड घालूनच म्हणाले, "चिझुरु, हे कुठे बोलायचं नाही. घरच्यांनाही नाही." मी हो म्हटलं. नवऱ्यापासून लपवण्यात अर्थ नव्हता, कारण त्या गाण्यात बास गिटार त्यानेच वाजवली होती. बाकी कोणालाही सांगितलं नाही.

त्या दोन ओळींनी पुढे काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. शाळेतली पोरं म्हणायची, दारू पिऊन घरी निघालेले लोक म्हणायचे, स्टेशनवर मुली आपल्या मित्रांना निरोप देताना म्हणायच्या आणि रडायच्या. मग त्या दोन ओळींना मागून पुढून आणखी ओळी जोडून हागिनोची अख्खी रेकॉर्ड निघाली. मी बरी झाले आणि एके दिवशी घरात कोणी नसताना ते गाऊन बघितलं. नाही आलं. पुन्हा बघितलं. स्वर बरोबर, सगळं बरोबर, पण ते नव्हतं. तो आवाज सर्दीबरोबर आला आणि सर्दीबरोबर गेला. म्हणजे माझी चोरी झाली म्हणून बोंब मारावी, तर माल माझ्याकडेही नव्हता.

*

नागुमो घरी आला. चाळिशीच्या आतला, काळा सूट, मोजे मात्र टाचेला विरलेले. बिचारा दमलेला दिसत होता. जाहिरात कंपनीतली माणसं तरुण असतानाच दमतात, हे मी आयुष्यभर बघत आलेय. माझे यजमान, कानजी, खाली शेगडी आणि वर रजई अशा बुटक्या टेबलात पाय घालून संत्री सोलत बसले होते. त्यांची कंबर गेल्यापासून हिवाळाभर तिथेच मुक्काम असतो.

"यंदा रेल्वे तीच जाहिरात पुन्हा लावणार आहे," नागुमो म्हणाला. "जशीच्या तशी. लोकांना जुनं हवंय. म्हणून मूळ रिळं काढली, साफ केली. गाणं संपल्यावर रीळ थोडं पुढे चालू राहिलंय मॅडम. त्यात एक शिंक आहे."

"शिंक?"

"तीन शिंका. आणि बंदोसाहेबांचा आवाज. 'चिझुरु, बास झालं, घरी जा, सगळ्यांना लावशील.' मग मी शोधत बसलो, ही चिझुरु कोण."

कानजी संत्र्याची फोड तोंडात धरूनच हसायला लागले. हसताना कंबरेत कळ आली तरी थांबेनात. "तीस वर्षं मूग गिळून बसली," ते म्हणाले, "आणि शेवटी शिंकेने चहाडी केली!"

"रेल्वेचे नवे प्रमुख फार कडक आहेत," नागुमो म्हणाला. "नाव चुकीचं असेल तर दुरुस्त करा म्हणाले. खाली डाव्या कोपऱ्यात, पांढऱ्या अक्षरांत, तुमचं नाव येईल. फक्त हागिनोबाईंचा होकार हवा."

तो गेल्यावर कानजी म्हणाले, "ती कशाला हो म्हणेल?"

"म्हणावंच लागेल," मी म्हटलं. "खोटं ते खोटं."

"अगं, पण या वयात तुला ते नाव हवंय कशाला?"

विचारलं खरं, पण त्यांना ठाऊक होतं. माझी थोरली बहीण हिसाए, उत्तरेला आमच्या गावी, शिंजोला असते. आई लवकर गेली, हिसाएताईनेच मला वाढवलं. गाणं शिकायला टोकियोला निघाले तेव्हा वडील दाराशीसुद्धा आले नाहीत. ताईने भाताचे लाडू बांधून दिले आणि गाडी हलताना ओरडून म्हणाली, "टीव्हीवर नाव आलं की कळव गं! अख्ख्या गल्लीला दाखवीन!" स्वतः मागे राहिली. वडिलांचं केलं, लोणच्याचं दुकान चालवलं, लग्न राहूनच गेलं. दर नव्या वर्षाला फोनवर विचारायची, "आलं का गं नाव?" मी म्हणायचे, येईल. मग कधीतरी तिने विचारणं सोडलं. कधी सोडलं ते लक्षातही आलं नाही, आणि आलं तेव्हा जीव इतका तुटला की काय सांगू. विचारत होती तोवर मला राग यायचा. आता ती पंचाहत्तरीच्या घरात आहे. टीव्ही दिवसभर लावून ठेवते, कारण घरात बोलायला दुसरं कोणी नाही.

मला बाकी कोणाला काही दाखवायचं नव्हतं. माझं नाव ताईच्या टीव्हीवर यायला हवं होतं, एवढंच.

*

हागिनोबाईंनी निरोप धाडला की होकार नकार काय तो समोरासमोर सांगेन. उएनो स्टेशनजवळच्या एका जुन्या कॉफीच्या दुकानात भेटायचं ठरलं. मी भांडणाच्या तयारीने गेले होते. गाडीत बसल्या बसल्या वाक्यं जुळवली होती. ती असं म्हणाली तर मी असं म्हणेन, ती रडली तर मी मुळीच बघणार नाही, वगैरे.

ती आधीच येऊन बसली होती. टीव्हीवर दिसायची त्यापेक्षा ठेंगणी. शेजारी चाकांची भली मोठी बॅग, मानेवर दुखण्याची पट्टी, तिचा कापरासारखा वास टेबलापलीकडे येत होता. मला बघून उठली, नको तितकी वाकली आणि वाकताना गुडघ्यावर हात ठेवून "आई गं" म्हणाली. माझी निम्मी वाक्यं तिथेच वाया गेली.

"आता इथूनच गुन्माला जायचंय," ती बॅगेकडे बघत म्हणाली. "गरम पाण्याच्या कुंडांच्या हॉटेलात कार्यक्रम आहे. जेवणाच्या हॉलमध्ये. लोक खेकडे सोलत असतात आणि मी गात असते. खेकडा सोलणाऱ्या माणसासमोर कधी गायलात? मान वर करत नाहीत हो."

"नाही," मी म्हटलं. "मी बंद खोलीतच गायले. समोर काच असायची."

"सुखी आहात."

कॉफी आली. तिने साखरेच्या तीन पुड्या ओतल्या. मी घसा साफ करून सुरुवात करणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "माझा होकार आहे. काल रात्रीच नागुमोला सांगणार होते, पण म्हटलं, एकदा तोंड तर बघू या तुमचं."

इतकी वर्षं जपून ठेवलेला राग होता, आणि तो ठेवायला जागाच राहिली नाही. मी उगाच कपातला चमचा फिरवत राहिले.

"राग नाही आला?" मीच विचारलं शेवटी.

"कोणाचा? तुमचा?" ती म्हणाली. "बाई, मला त्याच दिवशी कळलं होतं. टीव्ही लावला, म्हटलं, हे मी नाही. कंपनीला विचारलं तर म्हणाले, टीव्हीवर आवाज जरा वेगळा वाटतो. बावीस वर्षांची होते मी. वाटलं, असेल बाई. मग कळलं की सगळ्यांना माहीत आहे आणि बोलत कोणी नाही. मीही नाही बोलले. बोलून काय करणार होते? गाणं तुफान चाललं होतं."

"मग गात राहिलात."

"गात राहिले. गावोगावी. लोक बाकीचं गाणं होईपर्यंत चुळबुळ करायचे, त्या दोन ओळी आल्या की गप्प व्हायचे. मी गायचे. आणि दर वेळी, दर वेळी हो, त्यांच्या तोंडावर तेच दिसायचं. टीव्हीवर जास्त चांगलं वाटतं. टाळ्या वाजवायचे, माणसं सभ्य असतात. पण मला दिसायचं ना." तिने पुढे झुकून आवाज खाली आणला. "एक विचारू? खरं सांगाल? तुम्ही ते गायलात कसं? बंदोसाहेब मला म्हणायचे, त्यात दुःख आण. मी आणलं. दोन नवरे सोडले बाई मी. दुःख ढीगभर आलं, पण ते नाही आलं. काय होतं तेव्हा तुमच्या मनात?"

मी तिच्याकडे बघितलं. खोटं सांगावंसं वाटलं. कोणीतरी मेलं होतं असं तरी.

"सर्दी झाली होती," मी म्हटलं.

"काय?"

"सर्दी. नाक बंद होतं. मनात काही नव्हतं. कधी एकदा घरी जाऊन झोपते असं झालं होतं."

मग तिच्या घशातून एक विचित्र आवाज आला आणि ती हसायला लागली. इतकी हसली की दुकानाचा म्हातारा मालक काउंटरमागून बघायला लागला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, मानेवरच्या पट्टीवर हात दाबून धरत म्हणाली, "सर्दी! अहो, तीस वर्षं! तीस वर्षं लोक माझ्या तोंडून तुमची सर्दी ऐकायला येत होते!" मलाही हसू आलं. दोन उतारवयातल्या बायका टेबलावर हात आपटून हसत होतो. मग हसू ओसरलं आणि ती रुमालाने डोळे पुसत बसली. बराच वेळ पुसत बसली.

"यापुढे कार्यक्रमात काय गाणार?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"बोलावणारच नाहीत," ती सहज म्हणाली. "मला त्या दोन ओळींसाठी बोलावतात. तुमचं नाव आल्यावर कोण बोलावणार? बरंच आहे. दमलेय मी. खरंच दमलेय. या बॅगेचं एक चाकसुद्धा फिरत नाही हल्ली." तिने कॉफी संपवली. "तुम्हाला हवंय ना नाव? मनापासून?"

मी नको म्हणू शकले असते. तेव्हा, त्या टेबलाशी, तिची ती सुजलेली बोटं बघून. पण मला शिंजोमधली ती खोली दिसत होती, आणि तिथला दिवसभर चालू असलेला टीव्ही.

"हवंय," मी म्हटलं.

"मग घ्या," हागिनोबाई म्हणाली, आणि बॅग ओढत गुन्माच्या गाडीकडे गेली. मी तिला फलाटापर्यंत सोडायलाही गेले नाही.

*

डिसेंबर लागला आणि जाहिरात सुरू झाली. संध्याकाळच्या बातम्यांनंतर. मी कमरेला फडकं गुंडाळलेल्या अवतारातच उभी होते. कानजींनी टीव्हीचा आवाज वाढवला. गाडी, खिडकी, वाफ, बोट, बर्फ. आणि माझा चोंदलेला, झोपेला आलेला आवाज. खाली डाव्या कोपऱ्यात पांढरी अक्षरं: इसोबे चिझुरु. मी ती वाचली तोवर गेलीसुद्धा.

कानजी टेबलाला धरून उठले. कंबर सरळ होत नव्हती तरी उठले, आणि माझ्यासमोर वाकले. मला इतका आनंद झाला की मी त्यांना ओरडले, "बसा खाली, कंबर जाईल परत!"

मग मी ताईच्या फोनची वाट बघायला लागले. मी फोन करणार नव्हते. सांगून दाखवायचं नव्हतं मला, तिला दिसायला हवं होतं. त्या दिवशी फोन आला नाही. म्हटलं, तिने त्या वेळी दुसरं चॅनेल लावलं असेल. दुसऱ्या दिवशी नाही. आठवडा गेला. कानजी म्हणाले, "तूच कर की." मी म्हटलं, "ती करेल." हट्टीपणात आम्ही दोघी बहिणी एका माळेचे मणी आहोत.

वॉर्डाच्या सभागृहात मी बायकांना कराओके शिकवते. तिथे एकजण म्हणाली, "बाई, काय योगायोग बघा! रेल्वेच्या त्या गाण्याखाली तुमच्याच नावाचं कोणीतरी आलंय. चुकून आलं असणार. ती तर हागिनो शिओरि ना?" मी म्हटलं, "ती मीच." सगळ्या खळखळून हसल्या. त्यांना ती गंमतच वाटली. मी पुढचं गाणं लावलं. वाद घालायचं त्राण नव्हतं अंगात.

ख्रिसमसच्या आधी नागुमो आला. हातात मिठाईचा जड खोका होता, उंची कागदात गुंडाळलेला. तो खोका बघूनच मी समजले. एवढी जड मिठाई आमच्याकडे कोणी चांगली बातमी सांगायला आणत नाही.

चटईवर गुडघे टेकून त्याने कपाळ जमिनीला लावलं. "लोकांचे फोन आले मॅडम. खूप आले. हागिनोबाईंचं नाव का काढलं म्हणून. आमच्या तरुणपणीच्या आठवणीत ढवळाढवळ करू नका म्हणून. आम्ही समजावलं. पण समजावायला गेलं की आणखी चिडतात. शेवटी रेल्वेने ठरवलं... लोकांचा गोंधळ नको म्हणून... नाव ठेवायचंच नाही. कोणाचंच नाही."

"कधीपासून?"

"येत्या परवापासून मॅडम."

"ऊठ रे बाबा," कानजी म्हणाले. "कपाळाला चटईचे वळ उठतील. चहा घे."

तो चहा न घेताच गेला. अजून हागिनोबाईंकडे जायचं होतं त्याला. दारात दुसरा खोका ठेवलेला मी बघितला. तिचं नाव माझ्यामुळे गेलं, आणि माझं तर तीन आठवडेही टिकलं नाही. मला कोणावर तरी ओरडायचं होतं, पण ओरडायला समोर होता तो विरलेल्या मोज्यांचा मुलगा. त्याच्यावर काय ओरडणार?

तीन दिवसांनी दुपारी फोन वाजला.

"चिझु!" ताई. "बघितलंस का टीव्ही? काढलं की नाही नाव! मी म्हटलंच होतं, काढायला लावीन!"

"कोणाचं नाव, ताई?"

"अगं, तुझं! म्हणजे तुझ्या नावाच्या त्या कोणा बाईचं. न्हाव्याची बायको धावत आली, म्हणे तुमच्या बहिणीचं नाव टीव्हीवर! मी बघितलं तर खरंच. माझ्या छातीत धस्स झालं बघ. आधी वाटलं, तूच. खोटं कशाला बोलू? मला तर तेव्हाच वाटलं होतं, पहिल्यांदा ती जाहिरात लागायची तेव्हा. लहानपणी सर्दी झाली की तू अश्शीच गायचीस. शेगडीपाशी बसून. मी फोन करून विचारलं होतं तुला, आठवतंय? आणि तू म्हणालीस, छे गं ताई, ती हागिनो शिओरि. आठवतंय ना?"

मी विसरले होते. खरंच विसरले होते. आता आठवलं. बंदोसाहेबांना दिलेला शब्द ताजा होता, आणि मी हसत हसत म्हटलं होतं, छे गं ताई.

"तू नाही म्हणालीस म्हणजे नाही," ताई सांगत होती. "माझी बहीण माझ्याशी खोटं बोलायची नाही. म्हणून मी गल्लीत सगळ्यांना सांगितलं, ही चूक आहे. माझी चिझु दुसरीच्या गाण्यावर आपलं नाव लावणाऱ्यातली नाही. लोक तुला नावं ठेवायला लागले असते गं! मग केला रेल्वेला फोन. रोज केला. ते म्हणायचे, आजी, नाव बरोबर आहे. मी म्हटलं, मला शिकवू नका, मी वाढवलंय तिला. गल्लीतल्या सगळ्यांना फोन करायला लावला. तुला आधी सांगितलं नाही, म्हटलं उगाच मनाला लावून घेशील. दमले बघ बोलून बोलून. पण काढायला लावलं."

"ताई..."

"काय गं? रडतेयस का?"

सांगायचं ठरवून मी तोंड उघडलं होतं. तू बरोबर ओळखलं होतंस, ती मीच, असं. पण मग पुढे सांगावं लागलं असतं की तेव्हा मी तुझ्याशी खोटं बोलले, आणि गल्लीत तू जे छाती ठोकून सांगत फिरलीस ते सगळं खोटं. पंचाहत्तरीच्या बाईने रोज उठून फोन केले होते. माझ्यासाठी.

"सर्दी झालीये जरा," मी म्हटलं. "बरं केलंस, ताई."

"मग! आपलं माणूस म्हटल्यावर करायला नको? आल्याचा चहा घे. आणि ऐक, लाल सलगमाचं लोणचं यंदा छान मुरलंय. पाठवू का थोडं?"

"पाठव," मी म्हटलं.